शुद्ध बोलणारी रुख्मिणी

इंझोरीत रुख्मिणी पडघानला आडनावानं कोणी ओळखत नाही. गावाच्या लेखी ती आशाताई. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, लसीच्या दिवशी घराघरातून लेकरं गोळा करायची, कोणाची बीपीची गोळी संपली, कोणाची शुगर वाढली ते बघत फिरायचं, हे काम ती पंधरा-सोळा वर्षं करत आली आहे. अंगानं बारकी, चालणं झपाझप, आणि आवाज असा की बौद्धवाड्याच्या या टोकाला बोलली तर पाण्याच्या टाकीपाशी ऐकू यावं. नवरा ग्यानबा दोन एकर कोरडवाहू बघतो. एकुलता मुलगा चाकणला कंपनीत आहे. सून सपना आणि तिची लहान मुलगी रुख्मिणीजवळ असतात.

गावाचा तिच्यावर विश्वास होता, पण तो तिला आयता मिळाला नव्हता. पहिली काही वर्षं वरच्या आळीतली तीन-चार घरं तिला ओट्याखालीच उभी ठेवायची. ती उभी राहायची, सांगायचं ते सांगायची आणि पुढच्या महिन्यात परत त्याच दारात जायची. एका पावसाळ्यात त्याच आळीतल्या एका सुनेला बाळंतपणाआधी रक्त जायला लागलं. गाडी नाल्याच्या पलीकडं अडकली होती. रुख्मिणीनं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि तिचं डोकं मांडीवर धरून ती मंगरूळपीरपर्यंत गेली. बाई वाचली, पोरगीही वाचली. त्यानंतर ओट्याखाली उभं राहायची वेळ तिच्यावर आली नाही. कोणी माफी मागितली नाही, आणि तिनंही विषय काढला नाही.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे बेबीबाई सोनोने. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इंझोरीत आल्या, घराला घर लागून. बेबीबाईला चाळिशीतच शुगर निघाली, आणि पुढं गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई लिहून दिली. बेबीबाई रडायला लागली. सुई सुरू झाली म्हणजे माणसाचं संपत आलं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रुख्मिणी दोन महिने रोज सकाळी तिच्या घरी जाऊन बसली. आधी स्वतः तिच्या हाताला धरून, मग नुसतं समोर बसून, तिला पोटावर सुई घ्यायला शिकवलं. फ्रिज नव्हता, म्हणून औषधाची बाटली मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूवर ठेवायची युक्ती तिनंच सांगितली. पुढं बेबीबाईचा मुलगा प्रसेनजित इलेक्ट्रिशियन झाला, त्यानं कारंज्याला खोली केली आणि आईला घेऊन गेला. तेव्हापासून दोघींचं बोलणं फोनवर आलं, आठवड्याला एकदा, कधी पंधरा दिवसांनी.

सपना सून होऊन आली ती बारावी शिकलेली आणि मोबाईलात तरबेज. सासू ओसरीवर बसून एका बाईला मीठ कमी खायला सांगत होती, ते तिनं सहज मोबाईलवर टिपलं आणि ऑनलाइन टाकलं. आठ दिवसांत ते वीस हजार लोकांनी पाहिलं. रुख्मिणीला आधी खरंच वाटेना.

"वीस हजार म्हंजे किती गावं झाली वं?" तिनं विचारलं.

"आपल्यासारखी दहा-बारा धरा, आई."

मग तो नेमच झाला. दर रविवारी घराच्या निळ्या भिंतीपुढं खुर्ची टाकायची आणि रुख्मिणीनं बोलायचं. लेकराले ताप आला त काय करावं. पाळी चुकली त कोणाले सांगावं. सुई घेणाऱ्यानं पाय काहून रोज पाहावं. बोलणं सगळं वऱ्हाडी, जसं दारात बोलायची तसंच. अकोला, यवतमाळ, पार नांदेडकडून बाया लिहायच्या की ताई, तुमी आमच्या मायसारख्या बोलता. एकदा मंगरूळपीरच्या स्टँडवर एका अनोळखी पोरीनं तिच्यासोबत फोटो काढला. रुख्मिणी खूश झाली होती, हे तिनं कधी नाकारलं नाही. जन्मभर पायपीट करून एका गावाला जे सांगत आली, ते आता बसल्या जागी हजारोंना सांगता येत होतं. मोबाईल ही गावातल्या पारापेक्षा मोठी चावडी आहे, असं ती बैठकीतही इतर आशांना सांगायची. फरक एवढाच होता की पारावर कोण येऊन बसलं ते दिसतं. इथं समोर कोण बसलंय, हे दिसायची सोय नव्हती.

दिवाळीच्या आठवड्यात बेबीबाईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. ठेवताना ती म्हणाली, "रुख्मे, तुह्यं औषध मस्त लागू पडलं मले. हलकं वाटून राह्यलं."

रुख्मिणीला वाटलं, सुईबद्दलच बोलते आहे. सुई तिनंच तर लावून दिली होती. ती म्हणाली, "मंग घेत राह्य. एक दिवस चुकवू नको."

"नाई चुकवत," बेबीबाई म्हणाली.

पुढं महिन्याभरानं रुख्मिणी सुगनचंदच्या दुकानात साबण घ्यायला गेली होती. सुगनचंदच्या आजोबानं कारंज्याहून येऊन इथं किराणा घातला, तेव्हापासून गावात जैनांचं ते एकच घर. आता कुरियरवाली पोरं गावातली पार्सलं त्याच्याकडंच टाकून जातात, आणि ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. तांड्यावरचे सेवालालभाऊ तिथं बाकड्यावर बसले होते. सत्तरीचे, तिचे जुने शुगरचे पेशंट.

"ताई," सेवालालभाऊ म्हणाले, "तुमच्या पुडीचा दुसरा डबा आला नाई अजून."

"कोणती पुडी?"

"थेच, शुगरची."

तिला काही उमगेना. सुगनचंदनं तिच्याकडं पाहिलं, मग गल्ल्याखालून एक पार्सल काढून समोर ठेवलं. "हे काय, आजच आलं. मले वाटलं तुमाले माहीत आहे, बाई. फोटो तुमचाच त आहे."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून डब्याचा पुढचा भाग दिसत होता. हिरवं पान, आणि पानाशेजारी रुख्मिणी. तिचाच चेहरा, तिचंच कुंकू नसलेलं कपाळ, तिचीच अबोली साडी. साडीवर पांढरा डॉक्टरी कोट चढवलेला होता, जो तिनं आयुष्यात कधी घातला नव्हता. खाली लिहिलं होतं, डॉ. रुख्मिणीताई, पंचवीस वर्षांचा अनुभव.

"असे किती आले?" तिनं विचारलं.

सुगनचंदनं आठवून सांगितलं, दिवाळीपासून अकरा घरी गेले. "मी कोणाले काही बोललो नाई. म्हटलं, बाईनं काही काम सुरू केलं असन, चांगलंच आहे."

"म्या नाई सुरू केलं. हे खोटं आहे."

दुकानात तेव्हा चार-पाच माणसं होती. सगळी जवळ आली आणि जो तो आपलं मत सांगू लागला. सेवालालभाऊंना ते पटेचना. ते म्हणाले, "मोबाईलवर तुमची जाहिरात दाखवून राह्यले म्हंजे कोणी तरी तपासलंच असन ना. सरकार असं कसं सोडीन?" शाळेतले एक गुरुजी पेन्शनीचा फॉर्म झेरॉक्स करायला आले होते. ते म्हणाले, दाखवणाऱ्याला दाखवायचे पैसे मिळतात, तपासायचे कोणी देत नाही. सुगनचंद वजनाचा काटा पुसत होता. तो म्हणाला, "माह्या दुकानात तेल खराब निघालं त गिऱ्हाईक येते अन् माह्यी गचांडी धरते. याची गचांडी कोठी आहे, थे सांगा."

घरी येऊन सपनानं शोधलं. शोधायला फार लागलं नाही, दोन-तीनदा बोट सरकवलं तर जाहिरात आपोआप समोर आली. निळी भिंत, तीच खुर्ची. रुख्मिणी बोलत होती. "नमस्कार, मी डॉक्टर रुख्मिणीताई. मला स्वतःला वीस वर्षं मधुमेह होता. इन्सुलिन म्हणजे शरीराला लागलेलं विष आहे. मी तुम्हाला हात जोडून सांगते, आजच सुई फेकून द्या." आवाज तिचाच होता. ओठ बरोबर हलत होते. डावी भुवई वर जायची तिची लकब होती, तीही होती.

ग्यानबा मागं उभा राहून बघत होता. तो जन्मात कमी बोललेला माणूस. म्हणाला, "तुह्या तोंडाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला."

सपना परत परत लावून पाहत होती, कुठं जोड दिसते का ते. रुख्मिणीनं तिला मध्येच थांबवलं. दिवाळीतला फोन तिला आठवला होता. तुह्यं औषध मस्त लागू पडलं मले.

तिनं बेबीबाईला फोन लावला. बंद होता. मग प्रसेनजितला लावला. दोनदा वाजून कटला, तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"मावशी, मी तुमाले सांगणारच होतो," तो म्हणाला. "आईले अकोल्याले आणलं परवा. पायाले जखम झाली होती लहानशी, थे काळी पडली. डॉक्टर म्हणून राह्यले, गुडघ्याखाली काढावा लागीन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं रुख्मिणी निघाली. दवाखान्यात पोचली तेव्हा दुपार झाली होती. बेबीबाई वॉर्डाच्या भिंतीकडच्या खाटेवर होती. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे, पायावर चादर उंच करून टाकलेली. शुद्धीवर होती.

"तू आली व्हय," ती म्हणाली.

रुख्मिणीनं खाटेच्या कडेला बसून तिचा हात हातात घेतला. हात तापलेला होता. "बेबे, सुई काहून बंद केली?"

"तूच त सांगतलं."

"थे मी नोहे वं. कोणी तरी माह्या तोंडात दुसरं बोलणं घातलं. म्या असं कधी सांगीन काय तुले?"

समजायला बेबीबाईला वेळ लागला. मग हळू म्हणाली, "तुह्या घराची भिंत होती. साडी बी थेच, आपण वाशिमले घेतली थे. बोलणं मातर येगळं वाटलं. मला, तुम्हाला, असं शुद्ध बोलून राह्यली होती तू. म्या प्रसेनजितले म्हटलं बी. पण मंग वाटलं, मोठी झाली आता रुख्मी. मोबाईलवर शुद्धच बोला लागत असन."

रुख्मिणीनं तिच्या पायावरची सरकलेली चादर नीट केली.

"अन् म्या फोनवर तुले सांगतलं बी," बेबीबाई म्हणाली. "तू म्हटलं, घेत राह्य, चुकवू नको."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. जे झालं ते क्रमानं सांगत होती, एवढंच. रुख्मिणीनं मान खाली घातली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कोणी डब्यातून भात भरवत होतं, त्याचा वास येत होता. थोड्या वेळानं बेबीबाईनंच विचारलं, "सपनीची पोरगी चालून राह्यली काय आता?" रुख्मिणीनं हो म्हटलं.

पाय काढला. तीन दिवस बरे गेले. रुख्मिणी इंझोरीला परतली, कारण गावात अकरा डबे पडून होते.

सुगनचंदनं नावं दिली. ती एकेका घरी गेली. सात घरांनी डबे काढून तिच्या हातात दिले, काहींनी खजील होऊन, काहींनी चिडून. दोन घरांत औषध संपलं होतं आणि माणसं सुदैवानं गोळ्याही सोबत घेत होती. एका घरात म्हाताऱ्यानं डबा द्यायला चक्क नकार दिला. आराम पडला म्हणाला. त्याची सून रुख्मिणीला दारापर्यंत सोडायला आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, रागावू नका. पण लोक म्हणून राह्यले की तुमचं त्या कंपनीशी फिसकटलं, म्हणून तुमी आता असं सांगून राह्यल्या." रुख्मिणीनं तिच्याकडं पाहिलं. ही तीच सून होती, ट्रॉलीत मांडीवर डोकं ठेवून नेलेली.

शेवटी ती तांड्यावर सेवालालभाऊंकडं गेली. म्हाताऱ्यानं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि मग सरळ विचारलं.

"ताई, मोबाईलवर एकात तुमी म्हणता घ्या, दुसऱ्यात म्हणता घेऊ नका. दोनीत तुमीच दिसता. आमी कोणती धरावी?"

"जे तुमच्या घरी पायानं चालत येते, थे धरा," रुख्मिणी म्हणाली.

सेवालालभाऊंनी बराच विचार केला आणि डबा आणून दिला. पण रुख्मिणीला कळून चुकलं की यापुढं प्रत्येक दारात हा प्रश्न आधी येणार.

सेवालालभाऊ ज्या दुसऱ्या व्हिडिओबद्दल बोलले, तो सपनानं टाकला होता. त्यात रुख्मिणी म्हणाली होती की ही जाहिरात माह्यी नाई, म्या डॉक्टर नाई, सुई बंद करू नका. तो अकराशे लोकांनी पाहिला. जाहिरातीखाली आकडा सहा लाखांचा होता. आणि एकदा तर तिचाच खुलासा सुरू व्हायच्या आधी तीच जाहिरात लागली. आधी डॉक्टर रुख्मिणीताई येऊन सुई फेकायला सांगून गेली आणि मागून आशाताई येऊन तसं करू नका म्हणाली. सपनानं मोबाईल पालथा ठेवला.

तक्रारी केल्या. सपनानं केली, मुलानं चाकणहून केली, त्याच्या मित्रांनी केल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आम्ही ही जाहिरात तपासली, ती आमच्या नियमांच्या विरोधात नाही. उत्तराखाली, हा अनुभव कसा वाटला, म्हणून पाच चांदण्या दिल्या होत्या. पुढं तीन दिवसांनी ती जाहिरात गेली आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या नावानं परत आली. पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज नीट वाचून घेतला, पोच दिली, सायबर शाखेकडं पाठवतो म्हणाला. मग त्यानं खाजगीत विचारलं की त्याच्या सासूनंही हे मागवलं आहे, ते थांबवावं का. रुख्मिणी म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा.

जाहिरातीत एक नंबर होता. एका दुपारी तिनं तो लावला. एका मुलीनं उचलला, गोड आवाजात, स्वच्छ मराठीत.

"बोला काकू, किती वर्षांपासून मधुमेह आहे?"

"मले नाई. मी रुख्मिणी पडघान बोलून राह्यली, इंझोरीहून. तुमच्या डब्यावरचा फोटो माह्या आहे."

पलीकडं मागं खूप जणींच्या बोलण्याचा गलका ऐकू येत होता.

"तुमचं औषध घेऊन माह्या मैतरणीचा पाय कापला," रुख्मिणी म्हणाली. "मालक कोण आहे तुमचा? त्याले द्या फोन."

"काकू," मुलगी म्हणाली, आणि आता तिचा आवाज साधा झाला होता, "मी फक्त फोन उचलते. कागदावर लिहून दिलंय तेवढंच बोलायचं असतं. मालकाला मीही पाहिलेलं नाही."

"मंग त्या कागदावर लिह्यलं नाई असं एक काम करा. फोन येईन त्याले सांगा की सुई बंद करू नका."

फोन कटला. रुख्मिणीनं परत लावला तर लागला नाही, सपनाच्या मोबाईलवरूनही लागला नाही. त्या मुलीनं पुढं कोणाला काही सांगितलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

बेबीबाईच्या जखमेचं विष अंगात पसरलं होतं. पाय काढल्यावर अकराव्या दिवशी ती गेली. तिला कारंज्यालाच नेलं. रुख्मिणी पोचली तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. तिनं बेबीबाईला आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं. जिथं पाय नव्हता तिथं पातळाचा घोळ सपाट पडत होता. तिनं एक उशी आणून खाली सरकवली.

सगळं आटोपल्यावर प्रसेनजित तिला नळाकडं घेऊन गेला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, तिच्याच अंगाखांद्यावर खेळलेला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"मावशी, एकच विचारतो. तुमी त्याच्यात पैसे घेतले नव्हते ना? मले माहीत आहे, नाई घेतले. पण लोक विचारून राह्यले. एकदा तुमच्या तोंडून सांगा, बस."

"नाई घेतले, बापू."

"बरं," तो म्हणाला. पण त्यानं मान वर केली नाही, आणि रुख्मिणीला दिसलं की तिच्या तोंडून ऐकून आता त्याचं भागणार नाही. तेच तोंड त्याच्या आईनं मोबाईलवर पाहिलं होतं.

बेबीबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर भिक्खूंनी दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा रुख्मिणी उठली. मंडपात शंभरेक माणसं होती, कारंज्यातली जास्त, तिला न ओळखणारी. ती बोलायला लागली तशी पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. ती थांबली.

"थे खाली ठेवा," ती म्हणाली. "माह्यं बोलणं त्याच्यात घालू नका. कानानं ऐका."

मोबाईल खाली गेले. मग तिनं सांगितलं, बेबीबाई कशानं गेली, सुरुवातीपासून. दिवाळीच्या फोनवर आपण काय बोललो, तेही गाळलं नाही. ते सांगताना तिचा आवाज फुटला आणि मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं. प्रसेनजित मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. जेवणं सुरू झाल्यावर एक पोक्त बाई रुख्मिणीच्या पानाशी येऊन वाकली आणि म्हणाली, "आमच्या घरी बी आहे तो डबा. आमचे मालक दीड महिन्यापासून घेऊन राह्यले." रुख्मिणी जेवण सोडून उठली आणि तिच्यासोबत गेली.

गावी परतल्यावर तिनं सपनाला सांगितलं, आपले सगळे व्हिडिओ काढून टाक. सपनानं पहिल्यांदाच सासूपुढं हट्ट धरला. "आई, आपले काढले त तुमचं खरं बोलणं जाईन. मंग मोबाईलवर एकटी थेच राहीन, शुद्ध बोलणारी." दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी रुख्मिणी म्हणाली, राहू दे. पण त्यानंतर ती त्या खुर्चीवर बोलायला बसली नाही. सुगनचंदच्या अर्पित नावाच्या नातवानं दुकानाची ऑनलाइन जाहिरात करायचं काढलं, ताई दोन शब्द बोला म्हणून मागं लागला, तेव्हा तिच्याऐवजी सुगनचंदच त्याच्यावर खेकसला.

तिचं फिरणं वाढलं. पूर्वी महिन्याला एकदा जायची त्या घरी आता दर आठवड्याला जाते. वेळही जास्त लागतो, कारण पहिली दहा मिनिटं लोक तिचं ऐकण्याऐवजी तिला निरखण्यात घालवतात. कोणी गमतीनं विचारतं, आज कोणती रुख्मिणी आली म्हणून. ती हसत नाही, पेटीतून मशीन काढते आणि बोट पुढं करायला सांगते. सायबर शाखेचं पत्र चार महिन्यांनी आलं. नंबर परराज्यातला, ज्याच्या नावावर आहे तो माणूस त्या पत्त्यावर सापडत नाही, तपास सुरू आहे.

मागच्या महिन्यात मुलाचा चाकणहून फोन आला. तो जरा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "आई, एक सांगतो, घाबरू नको. माह्या खोलीवर तेलंगणाचा एक पोट्टा आहे. तो मोबाईल पाहून राह्यला होता, अन् मले तुह्या आवाज आला. पाहतो त तू तेलुगू बोलून राह्यली."

रुख्मिणी चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली. "काय म्हणून राह्यली मी?"

"थेच. त्यानं सांगतलं मले अर्थ. सुई फेका म्हणते."

"त्याले आई आहे काय?"

"आहे. गावी असते."

"तिले शुगर आहे काय, विचार. नाई, विचारू नको, त्याले आताच फोन लावाले सांग."

मुलानं फोन चालूच ठेवला. पलीकडं दोघांचं हिंदीत बोलणं झालं, मग त्या पोराचा तेलुगूतला आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. रुख्मिणीला त्यातलं काही कळत नव्हतं. ती कानाला फोन लावून बसून राहिली, आणि तव्यावरची भाकर सपनानं येऊन काढली.

"त्याच्या आईनं नाई घेतलं," मुलगा शेवटी म्हणाला. "पण शेजारची एक बाई घेऊन राह्यली म्हणे."

"नाव काय तिचं?"

"नाव घेऊन तू काय करशील, आई? दूरचं गाव आहे थे."

"त्याच्या आईले म्हणा, शेजारणीच्या घरी जा. फोनवर सांगू नको म्हणा, घरी जाऊन समोर बस. मी थांबली आहे."

मुलगा परत त्या पोराशी बोलायला लागला.